चर्चा: पीटीएसडीवर रान हा उपचार की नुसता विरंगुळा?

रानवाट (धागाकर्ता):
आघातानंतरच्या ताणासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, आपल्याकडे दोनच वाटा धरतात: गोळ्या किंवा बंद खोलीतलं समुपदेशन. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन विद्यापीठाची नाकादिया नावाची उपचार-बाग आहे, २०११ मध्ये सुरू झालेली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी तिथे १० आठवड्यांचा कार्यक्रम झाला. अमेरिकेत ७२ माजी सैनिकांना आणि वंचित वस्त्यांतल्या काही मुलांना राफ्टिंगला नेलं होतं. २०१८ च्या अहवालानुसार आठवड्यानंतर या सगळ्यांची मिळून लक्षणं सरासरी २९ टक्क्यांनी उतरलेली होती. मग डॉक्टरांनी चिठ्ठीवर सरळ ‘आठवड्यातून दोनदा, दीड तास रान’ का लिहू नये?

कडू_कारलं:
२९ टक्क्यांवर हुरळून जाऊ नका. त्या अभ्यासात न गेलेल्यांचा गटच नव्हता. घरची कटकट मागे, सोबत आपल्यासारखेच गडी, वर दिवसभर वल्ही मारून रात्री गाढ झोप. यात नदीचा वाटा किती, हे कसं काढणार? अमेरिकी सैन्याच्या आणि माजी सैनिकांच्या आरोग्य खात्यांची २०२३ ची मार्गदर्शिका निसर्गानुभवांबद्दल ‘बाजूने किंवा विरोधात सांगण्याइतका पुरावा नाही’ एवढंच म्हणते. शिफारस आहे ती प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना आणि जागांना टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं), सीपीटी (आघाताबद्दलचे विचार तपासून बदलणं) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून नजर इकडून तिकडे हलवणं) या थेरपींची.

आणि खरी अडचण पुराव्याच्याही पुढची आहे. हा आजार टाळण्यावर जगतो. एसटी स्टँडची गर्दी सोसत नाही, फटाके सोसत नाहीत, म्हणून माणूस रानात जातो. तिथे लगेच हायसं वाटतं, आणि म्हणूनच टाळणं आणखी पक्कं होतं. सहा महिन्यांनी रान आवडतंय, पण बाजारात पाऊल टाकवत नाही. याला सुधारणा म्हणायची?

रानवाट:
टाळण्याचा मुद्दा मान्य. पण एक्स्पोजरमध्ये दीड-दीड तासाच्या ८ ते १५ बैठका, आणि तीच आठवण पुन्हा पुन्हा तोंडाने सांगायची. कितीतरी जण मधेच सोडतात. दार लावलेल्या खोलीत दहा मिनिटं बसवत नाही त्याने करायचं काय? तो बांधावर बसून बोलतो. समोरासमोर डोळ्यांत बघायची सक्ती नाही, हातात खुरपं असलं की गप्प राहणंही अवघडत नाही.

पायवाट_मोजणी:
दोघंही रान म्हणजे एकच वस्तू धरून बोलताय. सतत सावध राहणाऱ्या माणसाला दाट झाडी म्हणजे शंभर लपणजागा. पहिल्या खेपेला मोकळं माळरान, तुरळक झाडं, जायची वाट नजरेसमोर. पाठीशी बुंधा किंवा बांध. गट सहा-आठ जणांचा, सोबत दोघं. एक पुढे, एक शेजारी. मागून कोणी चालायचं नाही. निघण्याआधी सांगायचं: किती चालायचं, गाडी कुठे उभी, कोण भेटू शकतं. पहिल्यांदा ४० मिनिटं पुरे.

हमखास चुकतं ते ‘डोळे मिटा आणि पक्षी ऐका’. डोळे मिटले की पहारा सुटतो आणि छाती धडधडायला लागते. डोळे उघडे, नजर एका फांदीवर. दुसरी चूक हंगामाची. फेब्रुवारी-मार्चात सागाची वाळकी पानं पायाखाली असा कडाका काढतात की गोळीबार पाहिलेला माणूस जागच्या जागी खाली बसतो. तीच वाट श्रावणात मऊ असते.

दर १५ मिनिटांनी ताणाचा आकडा विचारा, ० ते १००. सत्तरीपुढे गेला तर थांबा, पण लगेच गाडीत घालू नका. आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबणं भाग आहे. नाहीतर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. अपवाद एकच. माणूस हरवल्यासारखा दिसू लागला, हाकेला ओ देईना, तर आकडेमोड सोडून द्या. पाय जमिनीवर दाबायला लावा, गार पाण्याची बाटली हातात द्या, समोर दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घ्यायला सांगा. आणि मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्याला कड्यावरच्या पॉइंटवर न्यायचंच नाही.

दरडीखाली:
सैनिकांचं ठीक आहे. माळीण (३० जुलै २०१४) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) इथल्या दरडीतून वाचलेल्या माणसांना कुठलं रान दाखवणार? आघात केला तो डोंगरानेच. ओल्या मातीचा वास, रात्रीचा संततधार पाऊस हेच तिथे काडी लावतात. ‘हिरवळ पाहून बरं वाटतं’ हे शहरातून आलेल्यानं म्हणावं.

पायवाट_मोजणी:
बरोबर, तिथे डोंगर ही एक्स्पोजरची पायरी आहे, विसावा नाही. आधी छपरावरच्या पावसाचा आवाज, मग ओली माती हातात, मग लांबून उतार. शेवटची पायरी उन्हाळ्यात, तीही शिकलेला थेरपिस्ट सोबत असेल तरच. पावसाळ्यात खऱ्या दरडीखाली सरावाला न्यायचं नाही. ती भीती आजार नाही, शहाणपण आहे.

कडू_कारलं:
म्हणजे काम थेरपीच करतेय, झाड साक्षीला उभं! बरं, मोजा तरी. पीसीएल-५ ही पीटीएसडीच्या लक्षणांची २० प्रश्नांची, ० ते ८० गुणांची यादी. सुरुवातीला भरा, १० आठवड्यांनी भरा, मग तीन महिन्यांनी. किमान १० गुण उतरले तर बोलू. आणि त्यातलं टाळण्याबद्दलचं, म्हणजे सहावं-सातवं उत्तर वेगळं काढून दाखवा.

रानवाट:
दाखवतो. मग तुमच्या बंद खोलीतून मधेच उठून गेलेल्यांचाही आकडा तुम्ही त्याच कागदावर मांडा.