बिदागी पत्रिकेतच छापा
"कीर्तनकारानं एक रुपया घेऊ नये" असं काही जण म्हणतेत, ते मले काही पटत नाही राजेहो. गाडीचं डिझेल, मृदंगवाला, गायक, सगळ्यायलेच पोट आहे. पण आमच्याकडं सप्त्यात, म्हणजे सात दिवसांच्या कीर्तनाच्या कार्यक्रमात, मंडपाचा, बुंदीचा हिशोब शेवटच्या दिवशी माईकवर वाचतेत, फक्त कीर्तनकार महाराजांचं बिदागीचं (मानधनाचं) पाकीट तेवढं बंद, अन् कोणी विचारलं की तो नास्तिक! वर्गणी तर लोकायनं सोयाबीन विकून दिली असते. गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या, त्या सगळ्यायले दिसतेत. नोंदणी झालेल्या ट्रस्टले १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानं हिशोब ठेवावाच लागते, गावातली सप्ता कमिटी बहुतेक नोंदलेलीच नसते. म्हणून बिदागीचा आकडा पत्रिकेतच छापा, ज्याले जास्त वाटन तो वर्गणी देताना तोंडावर बोलन.