ऐच्छिक वृक्षारोपण, हजेरी सक्तीची

शनिवारचा_कैदी
परवा शनिवारी सकाळी सातला कंपनीच्या बसगाड्यांनी आम्हा साठ जणांना टेकडीवर नेऊन सोडलं. निमित्त पर्यावरण दिन. हिरवे टी-शर्ट, टोप्या, आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. प्लास्टिकची, अर्थात. खड्डे आधीच खणलेले. चार मजूर दोन दिवस राबले होते म्हणे. आम्ही फक्त रोप ठेवायचं, माती लोटायची आणि फोटोला हसायचं.

माझ्या शेजारच्याने रोप काळ्या पिशवीसकट खड्ड्यात उभं केलं. म्हटलं, अरे पिशवी काढ की. तर म्हणे, "काढली की माती गळते सगळी." नऊला पोहे, साडेनऊला साहेबांचं भाषण, दहाला सगळे बसमध्ये. पुण्यात पाऊस येतो १० जूनच्या आगेमागे. जमीन तापलेली, रोपाला मिळालं ते आमच्या बाटल्यांतलं उरलेलं घोटभर पाणी.

मेलमध्ये 'ऐच्छिक' लिहिलेलं होतं. मात्र कोण आलं नाही त्याची यादी सोमवारी मॅनेजरकडे पोचली. ऐच्छिक कामाची हजेरी कशाला घेता? माझं म्हणणं सरळ आहे: हे बंद करा. ज्यांना झाडांतलं कळतं त्यांना पैसे द्या आणि आमचा शनिवार आम्हाला ठेवा. तसंही हा सगळा खर्च सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायच्या २ टक्क्यांत धरत असणार, कंपनीचं काय जातंय!

मधल्या_फळीतली
असे मेल पाठवणारी मीच. म्हणजे तुमच्या कंपनीतली नव्हे, दुसरीकडची, पण काम तेच. बस, पोहे, विमा यांसाठी आकडा लागतो, म्हणून यादी. ती मॅनेजरकडे जायला नको होती, हे मान्य.

बाकी अमान्य. आमच्याकडच्या साठांतल्या निम्म्यांनी पुण्यात आठ-दहा वर्षं काढूनही वेताळ टेकडीवर पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यांतले दोघे आता दर रविवारी जातात. ते दोघे मला घरबसल्या कुठून मिळाले असते? वर्सोव्याचा किनारा घ्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे एक वयस्क शेजारी, असे दोघेच कचरा उचलायला लागले. पुढे शेकड्यांनी लोक आले, आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. लोक बघून बघूनच येतात. त्यासाठी फोटो लागतात, कितीही हसा.

बारा_लिटर
ताई, वर्सोव्याचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. तिथले लोक दर शनिवार-रविवारी येत राहिले. वर्षातून एकदा नव्हे.

अकरा वर्षं टेकडीवर पाणी घालतोय. दोन्ही हातांत सहा-सहा लिटरचे कॅन, म्हणून हे नाव. रोप लावणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. डिसेंबर-जानेवारीत वाळक्या गवतात जाळपट्टे काढायचे असतात, नाहीतर कुणाच्या तरी विडीने अख्खा उतार जातो. फेब्रुवारीपासून पाणी. घाणेरी उपटायची, तिचे काटे हातमोज्यातूनही लागतात. त्या वेळी टेकडीवर आम्ही सात-आठ म्हातारे असतो. टी-शर्टवाले कुणी नाहीत.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. टेकडीचा प्रत्येक उतार झाडांसाठी नसतो. वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. तिथे गवतच शोभतं. टिटवी, चंडोल तिथेच जमिनीवर अंडी घालतात, नेमकी याच दिवसांत. तुमचे साठ जोडी बूट तिथूनच जातात. पूर्वी हिरवं दिसावं म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) लावलं, आज त्याचीच रोपं उपटत बसलोय. मेडशिंग, सालई, धावडा, गणेर ही इथली झाडं. ती वाढायला वेळ घेतात, पुढच्या वर्षीच्या फोटोत दिसत नाहीत.

त्यामुळे कैदीसाहेबांशी सहमत. येऊ नका.

कोरडवाहू
बारा_लिटर, तुमचं काम मोठं, पण "येऊ नका" पटत नाही.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपात, म्हणजे गावागावांच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत होतं. २०१८ च्या १ मेला महाश्रमदानाला शहरातून माणसं आली. त्यांनी खणलेली सीसीटी (पाणी अडवायचे सलग समतल चर) बघण्यासारखी होती! आम्ही हायड्रोमार्करने समपातळी धरून फक्की टाकलेली, हे फक्की सोडून खणतायत. खोली वीतभर. दुसऱ्या दिवशी सगळा चर आम्ही पुन्हा काढला. हिशेबाने बघाल तर नुकसानच.

पण महिनाभर पारावर बसून "हे काय होणार नाही" म्हणणारे आमचेच दोन भावकीवाले त्या दिवशी टिकाव घेऊन आले. कारण काय, तर चष्मेवाल्या पोरी उन्हात घमेली उचलतायत आणि आपण तंबाखू मळतोय, याची लाज. ती लाज आम्ही गावकऱ्यांनी एकमेकांना कितीही घातली तरी लागली नव्हती. पाहुणा कामाला येत नाही हो, पाहुण्यामुळे घर झाडलं जातं.

शनिवारचा_कैदी
सुंदर. पण ती माणसं स्वतः नाव नोंदवून, सुट्टीच्या दिवशी आली होती. साहेबाच्या मेलने नव्हे. माझं भांडण तेवढंच आहे.

कलम_१३५
एक दुरुस्ती. नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असलेल्या कंपनीला कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात, हे खरं. पण सुटे, एका दिवसाचे कार्यक्रम त्यात धरायचे नाहीत, असं केंद्राने जून २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलंय. तेव्हा पोहे-टोप्यांचा खर्च बहुधा एचआरच्या खात्यातून. कंपनीला शिव्या द्या, पण योग्य कलमाखाली.

मधल्या_फळीतली
बारा_लिटर, एप्रिलमध्ये आणलं तर चालेल? टिटवीच्या उतारावर नाही, तुम्ही म्हणाल तिथे.

बारा_लिटर
सकाळी साडेसहा. टाकीपासून वर बस येत नाही. पोहे नाहीत. फोटोत काटक्या दिसतील.

मधल्या_फळीतली
एप्रिल म्हणजे अप्रेझल. साठ येणार नाहीत. सहा येतील, पण त्यांची यादी मी करणार नाही.

अधूनमधून
अवांतर: त्या पिशवीतल्या रोपाचं पुढे काय झालं?

शनिवारचा_कैदी
काल संध्याकाळी जाऊन उकरलं. करंज आहे. पिशवी ब्लेडने कापून काढली, मुळं तेवढ्यात आत गोल फिरायला लागलेली. मग संशय आला म्हणून बाजूचे तीन खड्डे उकरले. तिन्हींत पिशव्या. छप्पन्न राहिलेत, आणि माझ्याकडे खुरपं एकच आहे.