सिंधुदुर्ग किल्ल्यावर बोटवाले एकच तास देतात म्हणे, तेवढ्यात काय काय बघून होतं?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात मालवणला चाललोय, दोन दिवस. मी, बायको, दोन पोरं (एक सहावीत, एक दुसरीत) आणि आई. आईनं अख्ख्या आयुष्यात समुद्र बघितला नाही ओ, तिनं बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे उजनी, ते पण एसटीच्या खिडकीतनं. म्हणजे खरं तर ट्रिप तिच्यासाठीच आहे, पोरं आपली उगं नाचायलीत.

तर ऑफिसमधला एकजण सांगत होता की जेट्टीवरनं बोट किल्ल्यावर सोडते आणि तासाभरात परत यायचं, तीच बोट न्यायला येते. आणि किल्ला आहे 48 एकर! हे आईला सांगितलं तर म्हणाली, एवढं तर आपलं वावर पण नव्हतं रे कधी, तासात कसं फिरायचं. तिचे गुडघे पण दुखतात. मग माझे प्रश्न असे की एका तासात काय बघावं आणि काय सोडावं, गाइड घ्यावा का नाही, आणि गुडघेदुखीवालं माणूस बोटीत चढू शकतं का. रस्ता कुठला धरावा तेपण सांगा कुणीतरी, गाडी घरचीच आहे.

चादरवाला

गाइड बिइड काही घेऊ नका भाऊ. आम्ही गेल्तो कॉलेजचे आठ जण, गाइडनं सगळी माहिती इतक्या फास्ट सांगितली की आम्हाला फक्त "इकडं या, इकडं बघा" एवढंच कळलं. वरनं फोटो काढायला टाइम देईना. मोबाइलवर वाचून जावा, आपलं आपण फिरा. समुद्र भारी आहे पण बे, कडक. सोलापूरच्या उन्हाची सवय असली तरी तिकडचा घाम वेगळा, अंगाला चिकटून बसतो.

माहेर_मालवण

चादरवाला भाऊ, तुमचं चुकलं ते एवढंच की आठ पोरं एकदम गेलात आणि बोटीतल्या वीस लोकांत एक गाइड वाटून घेतला 😀 माझं माहेर मालवण, सासर सोलापूर, त्यामुळं दोन्हीकडून बोलायचा हक्क आहे मला.

जुळे_सोलापूरकर, गाइड घ्या. कारण सांगते. किल्ल्यात आत गेल्यावर मोठमोठे राजवाडे दिसतील असं समजून लोक येतात आणि आत माड, झाडी, पडकी जोती आणि काही घरं बघून म्हणतात, हे काय, रिकामंच आहे की. सांगणारा सोबत नसेल तर अर्ध्या गोष्टींवरून तुम्ही चालत पुढे जाल आणि कळणार पण नाही. दाराजवळच तटावर दोन छोट्या घुमट्या आहेत, त्यात चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा आणि पायाचा ठसा आहे असं मानतात. माझे काका पहिल्यांदा गेले तेव्हा त्या घुमटीला टेकून पाणी पीत बसले होते, आत काय आहे ते त्यांना घरी आल्यावर कळलं!

अख्खा तट फिरायचा नाद सोडा. तीन किलोमीटरच्या आसपास आहे तो, वर दगड वरखाली आणि सावली नाही. दरवाजा, ठसे, शिवराजेश्वराचं देऊळ, विहिरी, आणि मग पश्चिमेच्या तटावर दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, तासात एवढं नीट होतं. वेळ उरलाच तर राणीची वेळा बघा, तटाला एक चिंचोळी वाट आहे आणि बाहेर एवढीशी पुळण (वाळूचा किनारा), ताराराणी तिथं पोहायला यायच्या असं सांगतात. पोरांना तेच जास्त आवडेल.

आईंचं म्हणाल तर बोटीत चढता-उतरताना दोघांनी दोन हात धरा, बाकी काही नाही. फक्त ओहोटीला बोट खाली असते आणि पायरी उंच, भरतीला सोपं जातं. जेट्टीवर विचारून घ्या भरती कधी. आमचे बाबा म्हणायचे, "बोट घड्याळ बघून नाय सुटना, दर्या बघून सुटता." अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाण असतं, ते दिवस टाळता आले तर बघा. सकाळी लवकर जा, अकरानंतर शाळेच्या सहली येतात.

गड_गड_गडी

वरच्या ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त दरवाजाबद्दल लिहितो कारण तिथंच लोक सगळ्यात जास्त घाई करतात.

बोट किल्ल्याजवळ येते तेव्हा पोरांना विचारा, दार कुठाय? दिसणार नाही. तट सरळ नाही, नागमोडी आहे, आणि दिल्ली दरवाजा त्या वळणात असा लपवलाय की अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही. आता कल्पना करा, शत्रूचं गलबत आलं, भोवती पाण्याखाली खडक, वाट फक्त इथल्या तांडेलांना (बोट चालवणाऱ्यांना) माहीत, आणि वरून दारच सापडत नाही. तुमची बोट पण सरळ न जाता वळणं घेत जाईल बघा, ती त्या खडकांमुळंच.

जागा पण महाराजांनी विचार करून निवडलेली. एका बाजूला जंजिऱ्याचा सिद्दी, दुसऱ्या बाजूला गोव्यात पोर्तुगीज, मध्ये आपल्या आरमाराला हक्काचं ठाणं पाहिजे होतं. मालवणसमोरचं हे कुरटे बेट सापडलं आणि 25 नोव्हेंबर 1664 ला पायाभरणी झाली. बांधकाम हिरोजी इंदुलकरांकडं, रायगडवाले तेच. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलंय. साडेतीनशे वर्षं झाली, रोज लाटा आपटतात, तट उभा आहे. आपल्याकडं नवीन रस्ता एक पावसाळा काढत नाही, असो.

पायाभरणीची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा किल्ल्यावर नाही, मालवणच्या किनाऱ्यावर आहे. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत. 90 टक्के लोक तो न बघताच परत येतात. संध्याकाळी जाऊन या.

आणि शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी बांधलेलं. तिथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे, पोरं नक्की विचारणार "हे महाराज नाहीतच", तयारी ठेवा. इंग्रजांनी 1765 मध्ये किल्ला घेतला होता तेव्हा नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. कुणाच्या लक्षात आहे आज ते नाव? मागच्या वर्षी म्हणजे जुलै 2025 ला युनेस्कोच्या यादीत 12 किल्ले गेले त्यात हा पण आहे, त्यामुळं गर्दी वाढलीय.

चादरवाला

दाराचं माहीत नव्हतं राव. मी तर बोटीत सेल्फी काढत होतो तेव्हा. आता परत जावं लागतंय.

सिद्धेश्वरपेठ

पाण्यातलं देऊळ बघायला एवढं लांब कशाला, आपला सिद्धेश्वर तलाव आहे की. बोटीचा खर्च नाही, घाट नाही, गड्ड्याच्या जत्रेला गेलं की पाळण्यात बसून वरनं बेट दिसतंय 😂

घाटावरचा_ड्रायव्हर

रस्त्याचं कुणी सांगेना म्हणून लिहितो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, इथपर्यंत काही टेन्शन नाही, हायवे झालाय. कोल्हापूरवरनं राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, मग कसालवरनं मालवण. मी दरवेळी हाच धरतो. गगनबावड्यावरनं पण जाता येतं पण तिकडं जायच्या आधी घाट चालू आहे का विचारून घ्या. सगळं मिळून पावणेचारशे ते चारशे किलोमीटर धरा, पोरं आणि आजी म्हणल्यावर नऊ तास जातात. पहाटे निघा. राधानगरीचं जंगल अंधारात करू नका, तिथं गवे रस्त्यावर येतात, आणि गवा म्हणजे म्हैस न्हवं, हॉर्न दिला तरी जागचा हलत नाही. घाट लागायच्या आधी पोरांना दाबून खायला देऊ नका एवढं ऐका माझं, सीटकव्हर नवीन घातलं होतं मी.

माहेर_मालवण

एक राहिलं. आई मासे खात नसतील तर काळजी नको, काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे कुठंही मिळतात. सोबत शेंगाचटणी न्यालच, घावण्याबरोबर लावून बघा, आमच्या घरात आता तेच चालतं. येताना खाजा घेऊन या, गुळातला, मला नाही आणला तरी चालेल 😀

जुळे_सोलापूरकर

आलो बरं का परत! सगळ्यांचे आभार. जमलं तसं लिहितो.

बोट सकाळी पहिल्यातलीच मिळाली. भरती होती त्यामुळं आईला चढायला त्रास झाला नाही, पण बोट हलली की तिनं माझा हात असा धरला की लग्नात पण बायकोनं धरला नव्हता. पंधरा मिनिटं डोळे मिटून "सिद्धरामा सिद्धरामा" चाललेलं. पोरांना दार शोधायला लावलं, धाकट्याला शेवटपर्यंत दिसलं नाही, थोरला म्हणतो मला दिसलं होतं पण मी सांगितलं नाही (खोटं बोलतोय).

गाइड घेतला, फक्त आमच्या पाच जणांचा. चांगला निघाला, तिथलाच पोरगा, आईच्या चालीनं चालला. मंदिरात धाकट्यानं विचारलंच दाढीचं, गड_गड_गडी सर तुम्हाला मनात नमस्कार घातला. पश्चिमेचा तट मी आणि पोरं चढून आलो, समोर नुसतं पाणी ओ, पलीकडं काहीच नाही, मला पण थोडं कसंतरीच झालं.

आई तटावर आली नाही. ती विहिरींपाशी बसली. दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशी नावं आहेत तिन्हीची, गाइडनं सांगितलं की चारी बाजूंनी खारा समुद्र आणि या विहिरींचं पाणी गोडं. तिचा विश्वासच बसेना. वाकून वाकून बघायली, त्याला विचारती, उन्हाळ्यात आटत नाही का, मोटर लावली का कुणी, खोल किती. समुद्र बघायला आणलेलं माणूस पंधरा मिनिटं विहीर बघत बसलं. तिकडं बोटवाला हाका मारायला लागला, चला चला टाइम झाला, आणि ही मला म्हणते, आज आपल्याकडं पाणी यायचा दिवस आहे ना रे, चार दिवसांनी येतंय, शेजारच्यांना फोन लाव आणि टाकी भरून घ्या म्हणून सांग. लावला फोन. किल्ल्यावरनं. रेंज होती.