मदत हवी आहे: थायरॉइडची गोळी वाढवली तरी टीएसएच चढतंच आहे

कावलेली_लेक:
आईला बरीच वर्षं थायरॉइडची गोळी चालू आहे. टीएसएच (थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) कायम ३ च्या आसपास असायचं, या वेळी एकदम ९.८. डॉक्टरांनी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी १०० ची केली, तर आता ११.२! गोळी मी स्वतः हातात देते, तेव्हा 'विसरत असतील' असं कृपया लिहू नका. कंपनी बदलून बघावी का? लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहे.

निवांत:
उपाशीपोटी घेतात का? की चहा-कॉफीबरोबर?

कावलेली_लेक:
उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. एवढं कळतं हो.

जुना_जाणता:
कंपनी बदलाच. मला फरक पडला होता.

गोळीवाला:
आधी हे सांगा, बाकी काय काय चालू आहे?

कावलेली_लेक:
काही नाही. बीपी नाही, शुगर नाही.

गोळीवाला:
डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं नाही विचारत. टॉनिक, पावडरी, व्हिटॅमिन, केसांच्या गोळ्या?

कावलेली_लेक:
ते होय. हाडांसाठी कॅल्शियम आणि एक मल्टिव्हिटॅमिन. पण ती काही औषधं नव्हेत. थायरॉइडच्या गोळीनंतर अर्ध्या तासाने नाश्ता, त्याच्यासोबत देते.

गोळीवाला:
कधीपासून?

कावलेली_लेक:
मागचा चांगला रिपोर्ट आला, त्याच्यानंतर.

गोळीवाला:
मग बहुतेक तेच. कॅल्शियम आणि लोह पोटात थायरॉक्सिनला, म्हणजे गोळीतल्या थायरॉइड हार्मोनला, धरून ठेवतात, ते रक्तात नीट पोचतच नाही. मल्टिव्हिटॅमिनमध्येही बहुधा लोह असतं, डबीवर बघा. अर्धा तास पुरत नाही, किमान ४ तासांचं अंतर लागतं. कॅल्शियम दुपारी किंवा रात्री जेवणानंतर दिलं की प्रश्न मिटतो.

हरितपर्ण:
या गोळ्यांच्या नादी लागूच नका. अश्वगंधा सुरू करा. माझ्या मावशीची थायरॉइडची गोळीच सुटली.

गोळीवाला:
अश्वगंधेमुळे थायरॉइडची हार्मोन्स प्रमाणाबाहेर वाढल्याच्या नोंदी आहेत. गोळी चालू असताना मनाने सुरू करू नका.

हरितपर्ण:
हजारो वर्षांचं नैसर्गिक औषध आहे ते. कंपन्यांचे एजंट सगळीकडे असतात म्हणा.

निवांत:
सेंट जॉन्स वर्टसुद्धा झाडपालाच आहे. गर्भनिरोधक गोळ्या निकामी करतो तो. नैसर्गिक म्हटलं की हात वर करायचे, हे कळत नाही मला.

प्रयोगशाळा_प्रेमी:
सगळे चुकताय. हा बायोटिनचा घोळ आहे, केसांच्या गोळ्यांतलं व्हिटॅमिन! त्याने रिपोर्ट खोटा येतो.

गोळीवाला:
येतो, पण उलट्या दिशेने. बायोटिनने चाचणीच्या काही पद्धतींत टीएसएच खोटंच कमी दिसतं, इथे वाढलंय. म्हणजे आई ५-१० मिलिग्रॅमच्या केसांच्या गोळ्या घेत असतील, तर खरा आकडा ११ पेक्षाही जास्त असू शकतो. रक्त देण्याआधी निदान २ दिवस त्या बंद ठेवायच्या.

प्रयोगशाळा_प्रेमी:
तेच तर म्हणतोय. बायोटिनकडे कुणी बघत नाही.

कावलेली_लेक:
ती केसांचं काही घेत नाही!!

सहज_विचारतो:
अवांतर: मी वॉरफरिनवर (रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर) आहे. पालेभाज्या पूर्ण बंद करू का?

निवांत:
बंद नको, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. व्हिटॅमिन के एकदम कमीजास्त झालं की आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं तो आकडा) हलतो. बाकी नवीन धागा काढा.

कावलेली_लेक:
माझ्याकडे बघता का जरा? कॅल्शियम रात्री हलवते. आणि आईची गोळी परत ७५ वर आणू?

गोळीवाला:
ते तुम्ही ठरवू नका. अंतर ठेवल्यावर गोळी पूर्ण अंगी लागेल आणि १०० कदाचित जास्त होईल. त्या वयात जास्त थायरॉक्सिन म्हणजे धडधड, हृदयाचे ठोके अनियमित, शिवाय हाडं आणखी ठिसूळ. कॅल्शियम ज्या हाडांसाठी देताय तीच! म्हणून डॉक्टरांना कॅल्शियमचं आणि अंतराचं दोन्ही सांगा. डोस ते ठरवतील, आणि टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी परत. त्याआधी केलं तर आकडा स्थिरावलेला नसतो. मधेच धडधड किंवा हात थरथरायला लागले तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

कावलेली_लेक:
बरं. डब्या सोबत नेते. पण कंपनी बदलायची की नाही, हे कुणीच धड सांगितलं नाही.

जुना_जाणता:
मी सांगितलं होतं.

गोळीवाला:
आत्ता नको. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर फरक कशाने पडला हे कळणार नाही.