काळ्या रानातला बांध दरवर्षी एकाच जागी फुटतोय, काय करावं?

नमस्कार मंडळी. रान मंगळवेढा भागात, चार एकर, भारी काळी जमीन, सगळं जिरायत. रब्बीला मालदांडी ज्वारी. पाऊस आधी नुसती वाट बघायला लावतो आणि उत्तरा-हस्तात एका रात्रीत सगळी कसर काढतो. त्या रात्री वरच्या शेतांचं पाणीही आमच्यातच उतरतं आणि मधला बांध जातो. तोही नेमका एकाच जागी. सुगी झाली की ट्रॅक्टरनं माती ओढून भगदाड बुजवतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

बांध फुटला नाही तरी सुख नाहीच. वरच्या अंगाला पाणी तुंबून राहतं, वाफसा (पेरणीजोगी ओल) लवकर येत नाही, पेरणी लांबते. उन्हाळ्यात बांधाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी तिथूनच शिरत असावं.

गावात कुणी म्हणतं उंची वाढवा, कुणी म्हणतं जादा पाणी जायला दगडी सांडवा काढा. एक जण तर शेततळ्याच्याच मागे लागलाय! जेसीबीवाल्याला सांगण्याआधी विचारतो: भारी जमिनीत बांध उंच करून फायदा होतो का? आणि पाणी रानातच मुरवायचं तर दुसरं काय करता येईल?

प्रतिसाद १

उंची अजिबात वाढवू नका, जास्त पाणी तुंबेल आणि जास्त जोरानं फुटेल. समतल बांध, म्हणजे उताराला आडवा एकाच पातळीत घातलेला, हे हलक्या-मध्यम जमिनीचं काम. भारी काळीत पाणी हळू मुरतं, म्हणून तिथं ढाळीचा बांध घालतात, म्हणजे बांधाच्या लांबीतच 100 मीटरला 20 ते 40 सेंमी उतार द्यायचा. पाणी बांधाच्या कडेकडेनं सावकाश चालत बाहेर पडतं. उतार डोळ्यानं धरू नका, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं लेव्हल काढा. जिथं फुटतो तिथून जुनी ओघळ जात असणार. तिथली पोकळ माती काढून थराथरानं भरा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसा.

मुरवायचं काम बांधावर सोपवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये रानात 10 बाय 10 मीटरचे वाफे पाडा, सोलापूरकडं रब्बी ज्वारीला हीच शिफारस आहे. पडेल तो पाऊस ज्या त्या वाफ्यात मुरतो. पेरणीच्या वेळी मोडून टाकायचे.

बांधाच्या शेवटाला पाणी कुठं सोडणार? ओढा लागून आहे का?

मूळ प्रश्नकर्ता

वाफ्यांचं पटलं, यंदाच करतो. ओढा लागून नाही, मध्ये चुलत्यांची पट्टी आहे आणि त्यांना आमचं पाणी नको. त्यांच्या कडेनं गवताचा चर काढला तर किती रुंद लागेल? तेवढं कळलं तर आकडा घेऊन त्यांच्याशी बोलता येईल.