मदत हवी आहे: आईचे माहेरचे व सासरचे नाव वेगळे असल्याने शेतीच्या खसऱ्याची (जमिनीच्या नोंदीची) ई-केवायसी अडली आहे (इंदूर)

नमस्कार मंडळी,

माझी आई इंदुरात आमच्याकडे असते. तिचे माहेरचे नाव कमल, लग्नानंतरचे सुनंदा. १९६९ साली लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि तेच पुढे रूढ झाले. त्याचा वेगळा कागद करावा असे त्या काळी आपल्या कोणत्याही घरात कुणाच्या मनात येत नसे. वडील मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत होते, त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेचे खाते, आधार, मतदार यादी आणि समग्र आयडी (राज्य शासनाचा रहिवाशांसाठीचा ओळख क्रमांक) हे सारे सुनंदा या नावाने आहे. आजोबा गेल्यावर १९९४ साली गावच्या शेतीचे जे फौती नामांतरण (वारसांची नावे लावणे) झाले, त्यात मात्र दोन्ही मामांच्या बरोबरीने तिची नोंद ‘कमल’ म्हणून, तिच्या वडिलांच्या नावासह झाली.

इतकी वर्षे यामुळे काही अडले नाही, कारण पटवाऱ्याचे (तलाठ्याचे) दप्तर वेगळे, कोषालयाचे वेगळे, आणि कमल म्हणजे इंदूरला दिलेली धाकटी मुलगी हे गावच्या पटवाऱ्याला ठाऊक असे. आता भू-अभिलेख, समग्र आणि आधार यांची जोडणी झाली आहे. मामांना वाटणीची नोंद करून घ्यायची आहे. त्यासाठी खसऱ्याला प्रत्येक खातेदाराचा नऊ अंकी समग्र सदस्य आयडी जोडायला, म्हणजेच ई-केवायसी करायला सांगितले, आणि आईच्या बाबतीत ‘नाव जुळत नाही’ एवढाच शेरा येऊन प्रकरण थांबले. पाच महिने झाले.

एका विभागाने तपासलेली माहिती दुसऱ्या विभागाने नागरिकाकडे पुन्हा मागू नये, ही या जोडणीमागची कल्पना मला मनापासून पटते. आधारशी जोडलेले जीवन प्रमाण २०१४ साली सुरू झाले, त्यामुळेच आईला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला त्याचे मोल फार आहे. परंतु सामाईक नोंदीत माणसाला एकच नाव असते असे गृहीत धरलेले दिसते, आणि आपल्यातल्या त्या पिढीच्या कितीतरी स्त्रियांना रीतसर दोन नावे आहेत. जुने कागद पाहणारा माणूस त्याचा मेळ घालत असे. तो मेळ आता नेमका कोणत्या टेबलावर घातला जातो, हेच मला समजेनासे झाले आहे.

आतापर्यंत मला दोन सल्ले मिळाले आहेत. एका सेवा केंद्रात सांगितले की आधारमधले नाव ‘कमल’ करून घ्यावे, म्हणजे खसरा लगेच जुळेल. हे मला धोक्याचे वाटते. आधारमधले नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यातली एक संधी आईच्या नावाचे स्पेलिंग सुधारण्यात गेली आहे. शिवाय आधार बदलले की समग्र, बँक आणि निवृत्तिवेतन यांच्याशी ते जुळणार नाही, आणि शेतीच्या एका नोंदीसाठी तिचे दरमहाचे उत्पन्न अडवून घेतल्यासारखे होईल. दुसरा सल्ला एका ओळखीच्या वकिलांचा आहे: मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम ११५ खाली एसडीएमकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अर्ज करून खसऱ्यातच ‘कमल उर्फ सुनंदा’ अशी दुरुस्ती मागावी. मला हा मार्ग अधिक योग्य वाटतो, कारण यात जी नोंद अपुरी आहे तीच सुधारली जाते आणि बाकीच्या नोंदींना धक्का लागत नाही.

माझी मुख्य शंका अशी आहे की खसऱ्यात ‘कमल उर्फ सुनंदा’ असे नाव लागले आणि आधारमध्ये नुसते ‘सुनंदा’ राहिले, तर ई-केवायसीत ते जुळले असे धरले जाते का, की तेव्हाही पटवारी किंवा तहसीलदार यांच्या मंजुरीसाठी वेगळी विनंती पाठवावी लागते? इंदूर, देवास, धार किंवा उज्जैन भागात कुणी यातून गेले असेल, तर कृपया कोणत्या क्रमाने काय केले ते सविस्तर सांगावे. पुरावा म्हणून आमच्याकडे दोन्ही नावे छापलेली लग्नपत्रिका, आईचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांच्या नावची जुनी पावती, म्हणजे भू-अधिकार पुस्तिका, एवढे आहे. विवाह नोंदणी झालेली नाही. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र आणि मामांचे जबाब पुरले, की राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे लागले?

आईला तहसिलीत किती वेळा प्रत्यक्ष उभे राहावे लागेल, हेही कळले तर त्याप्रमाणे तिच्या जाण्यायेण्याची सोय करता येईल.