पाच महिन्यांच्या मुलीचे वजन अडले आहे. वरचे दूध सुरू करावे का? (मदत हवी आहे)

सायली_क
आमच्या मुलीला नुकतेच पाच महिने पूर्ण झाले. परवा वजन केले तेव्हा ते 5.4 किलो भरले आणि मोबाइलमधील तक्त्यात तिचा ठिपका थेट लाल रेषेवर जाऊन बसला. महिनाभरात जेमतेम 400 ग्रॅम वाढ आहे. पूर्वी ती रात्री बराच वेळ सलग झोपत असे. आता दर दीड-दोन तासांनी उठते. दिवसा मात्र धड पीत नाही. कुकरची शिट्टी झाली किंवा कोणी दारातून आत आले की तोंडातले सोडून तिकडे मान वळवते, आणि पुन्हा पाजायला घेतले की पाठीची कमान करून रडते. सासूबाई म्हणतात की माझे दूध पुरत नाही. आई म्हणते की दृष्ट लागली आहे. वरचे दूध सुरू करावे की नाही, एवढेच मला विचारायचे आहे. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढेच लिहू नये ही विनंती. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची आहे आणि तोवर घरात मला उत्तर द्यायचे आहे.

खारीक_खोबरे
जन्माच्या वेळी वजन किती होते, हे लिहिल्याशिवाय 5.4 या आकड्याला काहीच अर्थ नाही. दिवसभरात लंगोट किती ओले होतात? दोन्ही वजने एकाच काट्यावर, कपडे काढून केली होती का?

पिंपळपान
माझ्या मुलाच्या वेळी हेच झाले होते. मी रात्री झोपण्यापूर्वी एक बाटली डब्याच्या दुधाची सुरू केली आणि घरात शांतता झाली. आईने स्वतःला झिजवण्यात काही मोठेपण नाही. सुरू करा.

खारीक_खोबरे
पिंपळपान, तुमचा अनुभव खरा असेल. पण बाळाचे पोट बाटलीने भरू लागले की ते अंगावर कमी ओढते, आणि जितके कमी ओढले जाते तितके दूध कमी तयार होते. खरोखर गरज असेल तर बाटली जरूर द्यावी, पण ती गरज आहे का, हेच अजून ठरलेले नाही.

तात्या_मिरज
सायलीताई, आमच्या घरी सर्व नातवंडांना सहाणेवर उगाळलेली बाळगुटी मधातून दिली जाते. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, बदाम; प्रत्येकाचे वेढे किती घ्यायचे ते सवडीने लिहितो. मुलांनी उत्तम बाळसे धरले.

सुईदोरा
तात्या, आपल्याविषयी आदर आहे, परंतु एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढू शकतात. शिवाय प्रश्न गुटीचा नव्हता.

सायली_क
जन्मवजन 2.1 किलो. लंगोट सात-आठ ओले होतात. मागचे वजन अंगणवाडीत झाले होते, परवाचे दवाखान्यात, झबले-टोपड्यासह. ती 34 व्या आठवड्यात झाली, त्यामुळे सुरुवातीला लहानच होती. पण तो विषय आता मागे पडला आहे. वरच्या दुधाचे सांगा.

सुईदोरा
मागे कसा पडला? सगळे उत्तर त्यातच आहे. बाळ सहा आठवडे आधी आले असेल, तर वाढ पाहताना पाच महिन्यांतून ते सहा आठवडे वजा करायचे असतात, आणि साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत हा हिशेब धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या तक्त्यात पाच महिन्यांच्या मुलीचे मध्यक वजन 6.9 किलो आणि खालची मर्यादा 5.4 किलो आहे, म्हणून तुमचा ठिपका लाल रेषेवर दिसतो. तीच मुलगी साडेतीन महिन्यांची धरली तर मध्यक सुमारे सहा किलोच्या आसपास येते, खालची मर्यादा पाच किलोच्या आत राहते, आणि ती त्या दोन रेषांच्या मधोमध नीट बसते. जन्मवजनाच्या अडीचपट ती आधीच झाली आहे. आता झोपेचे. साधारण याच वयात बाळाची झोप मोठ्यांसारखी टप्प्याटप्प्यांची होऊ लागते आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ते जागे होऊ शकते. नजरही लांबवर पोहोचू लागलेली असते, म्हणून शिट्टीकडे मान वळते आणि दिवसाची भूक रात्री भागवली जाते. अर्धवट अंधाराच्या, शांत खोलीत पाजून पाहावे. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या. त्यात सहा आठवडे वजा करू नयेत.

पिंपळपान
म्हणजे रात्रभर जागून आईने दिवसा अंधारात बसायचे. हिशेब कागदावर छान आहे.

खारीक_खोबरे
पिंपळपान यांचा जागरणाचा मुद्दा रास्त आहे. रात्री पाजून झाल्यावर ढेकर काढण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणीतरी घ्यावे. सायलीताई, दोन वेगवेगळे काटे आणि एकदा झबले-टोपडे, यातून 400 हा आकडाही भरवशाचा राहत नाही. शुक्रवारी उघड्या अंगाने वजन करून घ्या आणि पुढेही तोच काटा ठेवा. सात-आठ लंगोट ओले होत आहेत, तेव्हा तोवर वरचे दूध नको. लंगोट कमी झाले किंवा बाळ मलूल वाटले तर मात्र शुक्रवारची वाट पाहू नका. आणखी एक: लोहाचे थेंब चालू आहेत का? बाळाच्या शरीरात लोहाचा साठा मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत होतो, त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते सहसा वेगळे द्यावे लागते.

सायली_क
दवाखान्यातून घरी येताना दिले होते. बाटली संपली तेव्हा पुन्हा आणा असे कोणी सांगितले नाही, म्हणून बंद आहेत. ‘ड’ जीवनसत्त्वाचे तेवढे चालू आहेत. थेंबांविषयी आजच दूरध्वनी करून विचारते. सहा आठवडे वजा करण्याचे सासूबाईंना समजावले. त्या म्हणाल्या, मग उष्टावणही दीड महिना पुढे ढकलायचे का?

सुईदोरा
त्याला सरसकट नियम नाही. मान धरणे, आधाराने बसणे, घासाकडे पाहून तोंड उघडणे, हे पाहून डॉक्टर ठरवतील. शुक्रवारच्या यादीत हा प्रश्नही घाला.

तात्या_मिरज
मधाऐवजी आईच्या दुधातून उगाळली तर?